ताणाची विद्या : जत परिसरातील धनुष्य आणि त्याची जुळणी

धनुष्य घडवून पूर्ण झाले म्हणजे ते वापरायला तयार झाले, असे कोणत्याही काळी आणि कोणत्याही देशी झालेले नाही. त्याला चिल्ला, म्हणजे ताणून बसवायची दोरी, चढवावा लागतो. वरचा आणि खालचा बाहू सारख्या अंगाने वाकतात की नाही हे पाहावे लागते. बाण दोरीवर नेमका कोठे बसवायचा ती जागा ठरवावी लागते. आणि हे सारे ज्याच्या हाती ते धनुष्य जायचे त्याच्या हाताची लांबी व खांद्याचे बळ पाहून करावे लागते. हात बदलला की जुळणी बदलते, आणि म्हणूनच वापरलेले, वारशाने, बक्षिसाने अथवा लुटीतून आलेले धनुष्य नव्या धन्यासाठी लावून देणे हे घडवण्याच्या तोलाचे वेगळे काम ठरत आले आहे. शस्त्रांच्या इतिहासात या कामाला फारच थोडी जागा मिळते, कारण घडवणाऱ्याचे कसब वस्तूच्या रूपाने मागे उरते, तर जुळवणाऱ्याचे कसब चिल्ला उतरताच दिसेनासे होते. दख्खनच्या पूर्वेकडील कोरड्या पठारावर, विशेषतः जत आणि त्याच्या आसपासच्या मुलखात, हे कसब कसे होते, कशामुळे गेले आणि कोणत्या वेगळ्या रूपाने परत आले, याचा माग घेण्यासारखा आहे.

जत हे भीमा आणि कृष्णा या दोन नद्यांच्या दरम्यानच्या माळावरचे गाव असून त्याच्या पूर्वेला विजापूर, उत्तरेला मंगळवेढा आणि पश्चिमेला मिरज आहे. येथील डफळे घराणे मूळचे चव्हाण; डफळापूरच्या पाटीलकीवरून त्यांना डफळे हे आडनाव पडले आणि विजापूरच्या आदिलशाहीत जत-करजगी भागाची देशमुखी त्यांच्याकडे आली. १६८६ साली औरंगजेबाने विजापूर घेतले, पुढे मराठ्यांचे राज्य साताऱ्यात स्थिरावले, आणि या प्रत्येक उलथापालथीत जतची जहागीर टिकून राहिली. इंग्रजांनी १८२० साली साताऱ्याच्या जहागीरदारांशी जे करार केले त्यांत जतही होते. १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाल्यावर ते इंग्रजांचे मांडलिक संस्थान झाले आणि त्याचा राजकीय कारभार विजापूरच्या कलेक्टराकडे गेला. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, १९४९ साली नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आले आणि १९६० साली त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. विजापूरकडे तोंड आणि साताऱ्याकडे पाठ, अशी ही जागा असल्यामुळे इराणी-तुर्की वळणाची कमान आणि देशी बांबूचा तिरकमठा, या दोन्ही परंपरांच्या सीमेवर तो मुलूख पडतो.

त्यापूर्वीची परंपराही दुबळी नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग या चार द्रव्यांची धनुष्ये सांगितली आहेत आणि दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, स्नायू अशी निरनिराळी द्रव्ये दिली आहेत. अग्निपुराणातील धनुर्वेदाच्या भागात चार हातांचे धनुष्य उत्तम, साडेतीन हातांचे मध्यम आणि तीन हातांचे कनिष्ठ मानले आहे. जत ज्यांच्या राज्यात मोडत होते त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसोल्लास हा जो कोशवजा ग्रंथ रचला, त्यात राजाच्या विनोदांमध्ये, म्हणजे करमणुकीच्या प्रकारांमध्ये, शस्त्रकौशल्याच्या प्रदर्शनालाही स्थान आहे. या भागातील वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिलांवर, ढाल-तलवारीबरोबर धनुष्यही कोरलेले आढळते. मात्र शिळेवरच्या धनुष्याचा आकार पाहून ते एकसंध लाकडाचे होते की शिंगाचे, हे ठरवणे धाडसाचे होईल. शिल्पकाराला रेषेशी काम असते, द्रव्याशी नव्हे.

विजापूरच्या दरबारी वापरातील कमान ही संमिश्र जातीची, म्हणजे अनेक द्रव्यांचे थर चिकटवून केलेली, होती. मधोमध लाकडाचा पातळ गाभा, तिरंदाजाकडच्या पोटाच्या अंगाला म्हशीच्या शिंगाची पट्टी, पाठीच्या अंगाला जनावराच्या स्नायूंचे तंतू, आणि हे सारे धरून ठेवायला कातडे व स्नायू उकळून केलेला सरस, अशी तिची घडण असे. शिंग दाब सोसते आणि स्नायू ताण सोसतो, त्यामुळे वाकताना पोटाच्या अंगाला शिंग दबते, पाठीच्या अंगाला स्नायू ताणला जातो, आणि लाकडाने एकट्याने इतका बाक घेतला असता तर ते मोडले असते तेथे ही कमान निभावून नेते. सरस पुरता वाळून थर एकजीव व्हायला एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ जात असे, म्हणून कमानगर, म्हणजे कमान घडवणारा कारागीर, एका वेळी अनेक कमानी निरनिराळ्या अवस्थांत ठेवून काम करी. इराण-तुर्कस्तानापासून दख्खनपर्यंत या घडणीत स्थानिक फरक होते. हिंदुस्थानातील कमानी लाखेच्या रंगाने व सोनेरी नक्षीने मढवलेल्या असत, आणि ते मढवणे शोभेइतकेच ओल आत शिरू नये यासाठीही असे. दुसऱ्या अली आदिलशाहाचे (राज्यकाल १६५६ ते १६७२) कमान ओढून वाघाची शिकार करतानाचे विजापुरी लघुचित्र प्रसिद्ध आहे, आणि चिल्ला चढलेली कमान कशी दिसे याची त्यावरून चांगली कल्पना येते.

उतरलेली, म्हणजे चिल्ला काढून ठेवलेली, अशी कमान उलट्या अंगाला इतकी वळते की तिची टोके एकमेकांजवळ येतात, आणि जिने ही कमान कधी पाहिली नाही अशी व्यक्ती तिला हमखास उलट्या बाजूने दोरी बांधील. युरोपातील जुन्या चित्रांत आणि काही संग्रहांतील मांडणीत ही चूक झालेली आहे, आणि तिच्यामुळे या शस्त्राच्या ताकदीबद्दल विनाकारण हीन मत पसरले, ही खेदाची गोष्ट आहे. प्रत्यक्षात चिल्ला चढवणे हेच पहिले कसब होते. बराच काळ पडून राहिलेली कमान आधी निखाऱ्यांच्या मंद धगीजवळ धरून कोमट करीत, कारण थंड शिंग एकदम वाकवले तर त्याला चीर जाते आणि फार तापवले तर सरस सुटतो. तळहाताला ऊब लागेल पण चटका बसणार नाही, एवढाच तो ताप असावा लागतो. मग दोन माणसे मिळून, किंवा एकटा माणूस बसून पायांचा आधार घेऊन, बाहू हळूहळू उलटवीत आणि रेशमाच्या किंवा सुताच्या पेडांच्या चिल्ल्याचे दोन्ही टोकांचे फास कमानीच्या खाचांत अडकवीत.

चिल्ला चढला की पाहणी सुरू होई. कमान एका टोकाकडून डोळ्याच्या रेषेत धरून पाहिली असता दोरी मुठीच्या बरोबर मधून गेलेली दिसली पाहिजे. ती एका बाजूला सरकलेली दिसली तर एखादा बाहू पिळला आहे असे समजावे, आणि तो पुन्हा कोमट करून उलट दिशेने पिळून, निवेपर्यंत तसाच धरून किंवा लाकडी पट्टीला बांधून ठेवावा. एक बाहू दुसऱ्यापेक्षा ताठ राहिला तर कमानगर ताठ बाहूच्या पोटाचे शिंग कानशीने थोडे थोडे घासून तो नरम करी, आणि प्रत्येक घासणीनंतर कमान काही वेळा अर्धी ओढून पाही, कारण घासलेले शिंग परत बसवता येत नाही. बाण मुठीच्या किंचित वरून सुटत असल्याने दोन्ही बाहूंवर येणारा भार अगदी सारखा नसतो, हेही त्याला हिशेबात धरावे लागे. मुठीपासून चिल्ल्यापर्यंतचे अंतर, म्हणजे चिल्ल्याची उंची, हा जुळणीचा दुसरा मोठा प्रश्न. ते अंतर कमी पडले तर दोरी मनगटावर आपटते आणि बाण जास्त वेळ दोरीला चिकटून राहिल्याने सोडणाऱ्याच्या हाताची प्रत्येक थरथर त्यात उतरते. ते जास्त झाले तर कमानीला पाठीमागे जायला जागाच उरत नाही आणि बाणाचा वेग जातो. चिल्ल्याला पीळ देऊन किंवा गाठीची जागा बदलून हे अंतर साधत. ओढणाऱ्याच्या अंगठ्यातली जिहगीर, म्हणजे चिल्ला अडकवायची कडी, हीदेखील ज्याच्या त्याच्या बोटाच्या मापाचीच लागे. दुसऱ्याची कडी सैल झाली तर चिल्ला वेळेआधी निसटतो.

या साऱ्या जुळणीचा सर्वांत मोठा शत्रू पावसाळा होता. सरस आणि स्नायू हवेतील ओल शोषतात, थर सैल पडतात, कमानीचा जोर उतरतो आणि बाहू वाकडे होतात. म्हणून घाटाखालच्या दमट कोकणापेक्षा जतसारख्या पर्जन्यछायेतल्या, वर्षाचा बराच भाग कोरड्या राहणाऱ्या पठारावर ही कमान अधिक चांगली टिकणे स्वाभाविक होते. तरीही चार महिने ती उबेला, कापडात गुंडाळून ठेवावी लागे आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून पाहणी करावी लागे. हिंदुस्थानात सतराव्या-अठराव्या शतकांत पोलादाच्या कमानी झाल्या त्या याच अडचणीवरचा उपाय म्हणून. पोलादी कमान ओलीने बिघडत नाही, कोठारात वर्षानुवर्षे पडून राहू शकते, काही तर मुठीपाशी मळसूत्राने दोन भागांत सुट्या होतात. पण तिचे बाहू जड असल्याने त्यांना परतायला वेळ लागतो, आणि शिंगाच्या कमानीइतका चपळ बाण तिच्यातून सुटत नाही. कोठारासाठी पोलाद आणि स्वारासाठी शिंग, अशी ही विभागणी समजूतदारपणाची होती.

आडव्या कमानीची गोष्ट मात्र वेगळी आहे. क्रॉसबो म्हणजे लाकडी दांड्यावर आडवी बसवलेली आखूड व ताठ कमान. तिची दोरी मागे ओढून एका अडकणीत गुंतवून ठेवतात, बाण दांड्यावरच्या खोबणीत ठेवतात आणि खालचा चाप दाबला की अडकण फिरून दोरी सुटते. ओढण्याचे काम आणि नेम धरण्याचे काम या यंत्राने वेगळे केले, त्यामुळे महिनोन्महिने सराव न केलेला माणूसही तटावरून नेमका मारा करू शकला. चीनमध्ये हान राजवटीच्या काळी काशाच्या चापाचे असे धनुष्य सैन्यात सर्रास होते, आणि युरोपात भीतीची वस्तू म्हणून त्याकडे पाहिले जाई, इतके की ११३९ सालच्या दुसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांविरुद्ध ते वापरण्यास मनाई केली. हिंदी महासागराच्या टापूत निकोबार बेटांवरील लोक आणि ईशान्येकडील काही नागा समाज अशी आडवी धनुष्ये वापरत आले आहेत.

दख्खनच्या दाराशी क्रॉसबो आला तो पोर्तुगीजांबरोबर. अफोन्सो द आल्बुकेर्कने १५१० साली आदिलशाहीकडून गोवा घेतला, मे महिन्यात गमावला आणि २५ नोव्हेंबरला पुन्हा जिंकला, त्या पोर्तुगीज सैन्यात क्रॉसबो चालवणारे शिपाई होते. जत ज्या राज्यात होते त्याच राज्याचे एक मोठे बंदर त्यांच्या हाती गेले. तरीही आदिलशाही सैन्याने हे शस्त्र आपलेसे केल्याचे दिसत नाही, आणि त्याला कारणे होती. क्रॉसबोची दोरी चढवायला वेळ लागतो आणि पाय रोवून उभे राहावे लागते, तर दख्खनची लढाई घोड्यावरची होती. औरंगजेबाच्या काळात हिंदुस्थानात राहिलेल्या फ्रान्स्वा बर्नियेने लिहिले आहे की, बंदूकवाल्याचे दोन बार होईपर्यंत घोडेस्वार सहा बाण सोडतो. क्रॉसबोची गती बंदुकीपेक्षा फार वेगळी नव्हती. शिवाय ज्या दशकात तो येथे पोहोचला त्याच दशकात त्याची जागा बंदूक घेत होती. १५२० साली कृष्णदेवरायाने आदिलशाहीकडून रायचूर घेतले तेव्हा त्याच्या मदतीला आलेल्या क्रिस्तोव्हाव द फिगेरेदोच्या पोर्तुगिजांनी तटावरचे रखवालदार टिपले ते क्रॉसबोने नव्हे, बंदुकांनी. आणि आखूड बाण मारायची सोय येथे आधीपासून होती: नावक नावाची पन्हळीसारखी नळी साध्या कमानीवर धरून तिच्यातून आखूड, वेगवान तीर सोडत, म्हणजे क्रॉसबोच्या खोबणीचे काम चापाशिवाय साधले जाई.

वापरलेल्या क्रॉसबोची जुळणी आणि जुन्या कमानीची जुळणी यांत एक मूलभूत साम्य आहे, आणि ते ध्यानात घेतले तर दख्खनी कारागिरांना काय अवगत होते हे नीट कळते. क्रॉसबोची दोरी अडकणीत गुंतताना तिचा मध्य बोटभरही एका बाजूला सरकला, तर एक बाहू दुसऱ्यापेक्षा अधिक ताणला जातो आणि बाण दर वेळी एकाच बाजूला जातो; म्हणून दोरीच्या मध्यावर खूण करून ती दोन्ही हातांनी सारखी ओढावी लागते. दोरीचे मधले वेटोळे झिजले की ते बदलावे लागते, बाहूंच्या मुळाशी चीर नाही ना हे पाहावे लागते, आणि बाण न लावता दोरी कधीही सोडायची नसते, कारण बाणाने जी ऊर्जा न्यायची ती मग बाहूंतच परतते आणि ते फुटतात. हे शेवटचे बंधन शिंगाच्या कमानीलाही तितकेच लागू होते. फरक एवढाच की क्रॉसबोत सारखेपणा यंत्राच्या खुणांवरून राखता येतो, तर हातकमानीत तो राखण्याचा भार कमानगराच्या नजरेवर आणि तिरंदाजाच्या सवयीवर पडतो.

या जुळणीची मोठी कामे कोठे चालत असतील, याचा अंदाज सतराव्या शतकाच्या अखेरच्या घटनांवरून येतो. औरंगजेबाची बादशाही छावणी १६९५ ते १६९९ या काळात भीमेकाठी मंगळवेढ्याजवळच्या ब्रह्मपुरीस होती, म्हणजे जतपासून फार दूर नव्हती. आणि मोगल छावणी हे चालते शहर असल्याने तिच्याबरोबर शस्त्रांचे कारखाने, म्हणजे सरकारी कारागिरांची दालने, चालत. पण त्याच काळात या मुलखातील पायदळाची ख्याती बंदुकीची होऊ लागली होती. शेजारच्या बेरड सरदारांच्या वाकिनखेड्याला १७०५ साली औरंगजेबाने वेढा घातला, तो त्याच्या हयातीतला शेवटचा मोठा वेढा, आणि त्यात बेरड बंदूकवाल्यांच्या अचूक नेमबाजीचा त्याच्या सैन्याला चांगलाच फटका बसला. मराठी घोडदळाचा भर भाला व तलवारीवर होता. मराठी कागदपत्रांत ज्या बाणांचे साठे दिसतात ते बहुधा दारूचे बाण, म्हणजे अग्निबाण, असतात, आणि त्यांना कमानीशी काही देणेघेणे नसते. अठराव्या शतकात कमान स्वाराच्या खांद्यावर राहिली खरी, पण ती हळूहळू मानाची वस्तू होत गेली.

शस्त्र मागे पडले की आधी जुळवणारा जातो आणि मग घडवणारा, असे येथे झाले असावे. सातपुड्यातील भिल्लांचा बांबूचा तिरकमठा विसाव्या शतकातही टिकला, कारण त्याचे कामठे रानातून येते, त्याची दोरीही बांबूच्या सालीची होते आणि मोडला तर दुसऱ्या दिवशी नवा होतो. शिंगाच्या कमानीला मात्र वर्षभर वाट पाहणारा कारागीर, त्याला पोसणारा धनी आणि दर पावसाळ्यानंतर ती तपासणारा हात, तिन्ही लागत. यांतला एक गेला की बाकीचे दोन निरुपयोगी होतात. १८७८ च्या हिंदी शस्त्र कायद्याने शस्त्राच्या व्याख्येत बंदुका, तलवारी व भाल्यांबरोबर धनुष्यबाणांचाही समावेश केला. तो कायदा ब्रिटिश मुलखाचा होता, संस्थानाच्या हद्दीतला नव्हता. पण तोपर्यंत त्याने बंद पाडावे असे कमानीचे काम फारसे उरलेले नव्हते. राखणीपुरती गोफण आणि पाखरे मारायची गलोल, म्हणजे बाणाऐवजी मातीच्या गोळ्या मारणारे धनुष्य, एवढीच लोकांच्या हाती राहिली.

मात्र ताणलेल्या दोरीची विद्या या मुलखातून गेली नाही. जत, आटपाडी, सांगोला या पट्ट्यात मेंढपाळ धनगर आणि घोंगडी विणणारे सणगर यांची मोठी वस्ती आहे, आणि कातरलेली लोकर मोकळी करण्यासाठी जी पिंजण वापरली जात असे ती एक कमानच होती. लाकडी दांड्याला जनावराच्या आतड्याची तांत ताणून बांधलेली असे. ती लोकरीच्या ढिगात धरून दोन्ही टोकांना जाड असलेल्या लाकडी ठोकळ्याने तिच्यावर ठोके दिले की तांत थरथरते, केस न केस सुटा होतो आणि धूळ-काडी खाली पडते. तांत सैल असेल तर लोकर तिला गुंडाळली जाते, फार ताणली तर ती तुटते. पिंजणारा तिच्या आवाजावरून ताण ओळखी आणि हवेत ओल असली तर पुन्हा आवळून घेई. आतड्याच्या तांतेवर हवेचा जो परिणाम होतो तोच कमानीच्या स्नायूवर होतो, आणि तो कानाने ओळखणारी माणसे या माळावर कमानगर गेल्यानंतरही होती.

दुसरा धागा मिरजेचा आहे आणि तो अधिक ठळक आहे. शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार व झिलई देणारे कारागीर, यांचा धंदा एकोणिसाव्या शतकात संस्थानी फौजा आटल्यावर बसला. मिरजेत त्या समाजातील फरीदसाहेब यांनी त्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने, तंबोरे व सतारी दुरुस्त करण्याचे आणि पुढे बनवण्याचे काम हाती घेतले, आणि त्यांच्या वंशजांनी मिरजेला तंतुवाद्यांचे गाव केले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. शिकलगारांनी कमानी घडवल्या असे म्हणता येणार नाही, त्यांचे काम पात्याचे होते. पण कानशीचा हलका हात आणि घासलेले परत येत नाही याची जाण, ही त्यांनी पात्यावरून घोडीवर आणली हे नक्की. तंबोऱ्याच्या घोडीचा, म्हणजे ज्या पट्टीवरून तारा जातात तिचा, पृष्ठभाग केसभर घासून आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी काढतात, म्हणजे तार घोडीला नेमकी किती अंगाने स्पर्श करते ते ठरवून तिचा स्वर मोकळा करतात. वाद्याचे भोपळे येतात ते मंगळवेढा-पंढरपूरच्या भीमाकाठावरून, म्हणजे जतच्या शेजारच्याच मुलखातून. वापरलेला जुना तंबोरा नव्या गायकाच्या स्वराला लावून देणे हे मिरजेतील कारागिरांचे नित्याचे काम आहे आणि त्याची पद्धत, पाहणे, थोडे घासणे, ताणून ऐकणे आणि पुन्हा थोडे घासणे, कमानगराच्या पद्धतीहून वेगळी नाही.

धनुष्य स्वतः या जिल्ह्यांत परतले ते खेळ म्हणून. भारतीय तिरंदाजी संघटना १९७३ साली स्थापन झाली. सातारा हे कंपाउंड धनुष्याचे देशातील महत्त्वाचे केंद्र झाले ते अलीकडच्या काळात. प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्या साताऱ्यातील दृष्टी आर्चरी ॲकॅडमीत शिकलेल्या अदिती स्वामी हिने ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत वयाच्या सतराव्या वर्षी अंतिम फेरी १४९-१४७ अशी जिंकून वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले, आणि त्याच दिवशी तेथेच सराव करणारा नागपूरचा ओजस देवतळे १५० पैकी १५० गुण मिळवून पुरुषांचा जगज्जेता झाला. त्याआधीच्या महिन्यात साताऱ्याच्याच पार्थ साळुंखे याने लिमरिक येथे रिकर्व्ह प्रकारात युवा जागतिक विजेतेपद मिळवले होते.

कंपाउंड धनुष्याची कल्पना अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या हॉलेस विल्बर ॲलन यांची. त्यांनी १९६६ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ साली ते मिळाले. या धनुष्याच्या दोन्ही टोकांना कॅम, म्हणजे मध्यापासून सरकवलेल्या आसावर फिरणाऱ्या चकत्या, असतात. सुरुवातीला भार वाढत जातो आणि पूर्ण ओढल्यावर एकदम उतरतो, त्यामुळे नेम धरताना मूळ भाराचा थोडाच भाग हातावर राहतो. स्पर्धेत ५० मीटरवरून ८० सेंटिमीटरच्या चकतीवर मारा होतो आणि ओढण्याचा भार ६० पौंडांहून अधिक चालत नाही. हे साहित्य बहुतेक परदेशी आणि महागडे असल्याने नवशिक्याच्या हाती मोठ्या खेळाडूने वापरलेले धनुष्य येणे साहजिक आहे, आणि तेथे जुळणीचा जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. आधी बाहूंवरून कापसाचा बोळा फिरवतात; काचतंतू कोठे उकलला असेल तर कापूस तेथे अडकतो, आणि असा बाहू बदलण्यावाचून गत्यंतर नसते. मग दोरी व केबल झिजल्या असतील तर बो प्रेस नावाच्या दाबयंत्रात धनुष्य आवळून त्या बदलतात, दोन आसांमधले अंतर आणि चिल्ल्याची उंची कारखान्याने दिलेल्या मापाला आणतात, बाहूंचे बोल्ट दोन्हीकडे सारखे फिरवून भार नव्या खेळाडूच्या ताकदीला उतरवतात आणि ओढीची लांबी त्याच्या हाताला बसवतात. दोन्ही कॅम एकाच क्षणी आपापल्या अडणीला टेकतात का, हे पाहणे यातले सर्वांत नाजूक काम. एक आधी टेकला तर केबलला अर्धा पीळ देऊन किंवा काढून ते साधतात.

शेवटी कागदाची परीक्षा येते. चौकटीत ताणून बसवलेल्या कागदातून एक-दोन मीटरवरून बाण सोडतात आणि पडलेले भोक पाहतात; बाणाचे शेपूट टोकाच्या वर फाडत गेले तर दोरीवरची बाणाची जागा खाली घेतात, बाजूला फाडत गेले तर बाण टेकायची आधारपट्टी किंचित सरकवतात, आणि टोक व शेपूट एकाच भोकातून गेल्याशिवाय जुळणी झाली असे धरत नाहीत. बाणाच्या दांड्याचा कडकपणा भाराशी जुळत नसेल तर कितीही सरकवले तरी ते भोक सुधारत नाही, आणि मग बाणच बदलावे लागतात. दोरी सोडण्याचे काम बोटे करत नाहीत. मनगटाला किंवा तळहाताला धरलेले रिलीज नावाचे साधन चापाने ती सोडते. क्रॉसबोचा जो चाप १५१० साली गोव्याच्या किनाऱ्यावर येऊन घाट न चढताच मागे फिरला, तो या साधनाच्या रूपाने साताऱ्याच्या मैदानांवर रोज दाबला जात आहे; आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराचा समावेश झाल्यापासून तो ऑलिंपिकच्या वाटेवरही आला आहे.